सुरू व्हायच्या आधीचं बोलणं

जामखेडात खर्ड्याच्या रस्त्याला एक पिठाची गिरणी होती आणि तिच्या भिंतीला चिकटून जालिंदर सदाफुलेची खोली. बाहेर पाटी, 'भीमराज साऊंड, जाहिरात रेकॉर्डिंग करून मिळेल'. आत शिरायचं तर चपला बाहेर, विडी बाहेर, खोकलासुद्धा बाहेर. "एकदाचं खोकून घ्या, मग या," असं तो गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचा. सर्कशीचा मॅनेजर असो नाहीतर साड्यांच्या सेलवाला शेठ असो, कुणाची म्हणून भीड नाही. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, दाराला दोन जुन्या गोधड्या टांगलेल्या आणि भर उन्हाळ्यात पंखा बंद. माणूस घामानं थबथबून बाहेर पडायचा. पण जाहिरात अशी खणखणीत व्हायची, की बाजारात जीप उभी राहिली की भाजीवाल्यासुद्धा हातात तराजू धरून ऐकत बसायच्या.

हट्टी म्हणजे किती हट्टी असावं माणसानं! बाप भीमराज मंडप-स्पीकरवाला. त्याच्या टेपरेकॉर्डरवर जालिंदरनं धंदा सुरू केला. पण एका कॅसेटीवरून दुसरी काढली की खरखर वाढते, तिच्यावरून तिसरी काढली की आणखी वाढते, आणि ही खरखर ह्या पठ्ठ्याच्या डोक्यात जायची. शेवटी केडगावात कॉम्प्युटरचा एक क्लास बंद पडला, तेव्हा तिथला एक जुनापुराणा कॉम्प्युटर त्यानं टेम्पोत गादीवर ठेवून जामखेडला आणला. गाव बघायला लोटलं आणि हिरमुसून परत गेलं. कारण बघण्यासारखं काही नव्हतंच. चित्र नाही, खेळ नाही. माउस क्लासातच मेलेला. नुसता काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं. जालिंदर एकेका बोटानं हुकूम टाइप करायचा. आधी रेकॉर्ड, मग फाइलीला द्यायचं नाव, मग एंटर. की माइकमधला आवाज आत जायला लागला. थांबवायचं तर कोपऱ्यातलं एस्केपचं बटण. संपलं!

आता टेपरेकॉर्डरची चाकं फिरताना दिसतात. माणसाला कळतं, आता आपलं बोलणं पकडलं जातंय, आणि तो नीट बसतो, घसा साफ करतो. इथं तसलं काही नव्हतं. पडद्यावर एक बारीक रेघ लुकलुकायची, ती हुकूम द्यायच्या आधीही लुकलुकायची आणि दिल्यावरही. त्यामुळं लोक 'बोलू का?', 'झालं का सुरू?' करत बसायचे आणि तेही सगळं आत जायचं. जालिंदरला त्याची पर्वा नव्हती. कॅसेट काढताना तो कॉम्प्युटरवर आवाज लावून द्यायचा आणि कामाचं बोलणं आलं की टेपरेकॉर्डरचं बटण दाबायचा. आधीचं खाकरणं, कुजबुजणं कॅसेटीत येतच नव्हतं. ते तो कचरा म्हणायचा, आणि जागा कमी म्हणून आठवड्याला पुसून टाकायचा.

दुसरा त्याचा हट्ट शब्दांचा. काय बोलायचं ते तोच लिहून द्यायचा आणि त्यातला शब्द इकडचा तिकडं झाला की चिडायचा. तुम्हाला बोलायची अक्कल नाही असं तो म्हणायचा नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर ते वाचता यायचं.

आणि तिसरी गोष्ट सांगितल्याशिवाय जालिंदर कळायचा नाही. धम्म घेतला त्या साली त्याच्या बापानं बायकोला, म्हणजे चांगुणाबाईला, वस्तीसमोर उभं केलं होतं आणि म्हटलं होतं, "घे माझं नाव. नवऱ्याचं नाव घेतल्यानं नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, हे खोटं आहे ते दाखव ह्यांना." चांगुणाबाई लाजून चूर झाली, पण तिनं घेतलं, आणि भीमराज पुढं उभा जन्म ठणठणीत जगला. घरात ही गोष्ट सणासारखी सांगितली जायची. जालिंदरची बायको यशोधरा झेडपीच्या शाळेत शिक्षिका. ती त्याला भर रस्त्यात "जालिंदर, पिशवी विसरलास" अशी हाक मारायची आणि गिरणीत दळणाला आलेल्या बाया एकमेकींना कोपर मारायच्या. जालिंदरची छाती फुगायची. असा तो माणूस. मनानं साफ, पण आपलं खरं ते साऱ्या जगानं आत्ताच्या आत्ता करून दाखवावं, ही घाई.

त्याच्या खोलीत अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत लंकाबाई ढाकणे आली.

तिला घेऊन आला काकासाहेब, जीपवाला. हा जालिंदरच्या कॅसेटी घेऊन आठवडेबाजार फिरायचा, वर कर्णा, आत पशुखाद्याची जाहिरात. लंकाबाई त्याच्याच गावची. काकासाहेबानं उंबऱ्यात उभं राहून सगळं सांगितलं, ती नुसती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

लंकाबाई आणि तिचा नवरा बिभीषण दर साली दिवाळी झाली की ऊस तोडायला जायचे. (लंका आणि बिभीषण! लग्नात लोकांनी हसून घेतलं ते घेतलंच.) ह्या खेपेला लंकाबाईचा धाकटा भाऊ गोरक्षही बरोबर होता. उसानं भरलेली बैलगाडी बिभीषण हाकत होता, जुवाला त्याचा लाडका बैल पाखऱ्या, गोरक्ष बाजूनं चालत होता. कालव्याच्या उताराला चाकाखाली दगड आला, गाडी कलंडली आणि गोरक्ष मोळ्यांखाली गेला. लोकांनी ऊस उपसून त्याला काढला तेव्हा तो निपचित, तोंडात माती. गर्दीत कुणीतरी बोललं, "गेला!" बिभीषणनं तेवढंच ऐकलं. हातातला कासरा त्यानं टाकला आणि उसात शिरला तो शिरलाच.

गोरक्ष मेला नव्हता. दवाखान्यात शुद्धीवर आला. पाय मोडला होता, बाकी जिवाला धक्का नाही. पोलिसांतही कुणी गेलं नव्हतं. पण हे बिभीषणला सांगायचं कुणी आणि कुठं? कुणी म्हणे तो मिरजगावच्या बाजारात दिसला, कुणी म्हणे कर्जतच्या स्टँडवर पोतं पांघरून झोपला होता. जवळ गेलं की पसार. आपल्या हातून बायकोच्या भावाचा जीव गेला, हे डोक्यात घेऊन हिंडणारा माणूस. एखादी विहीर दिसली तर काय करील, ह्या धास्तीनं घरातल्यांच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. त्याची म्हातारी आई झुंबरबाई तर दारातून हलायला तयार नव्हती.

"ह्या बाईच्या आवाजात कॅसेट करून दे," काकासाहेब म्हणाला. "बाजारात लावीत जातो. ऐकंल आन् यील."

"पैसे नकोत," जालिंदर म्हणाला. एवढं मात्र त्याच्यात होतं. लंकाबाईला त्यानं स्टुलावर बसवलं, माइक तिच्या तोंडासमोर आणला, टाइप केलं, एंटर मारलं, आणि नेमकी गिरणी सुरू झाली. "थांबा, बसून राहा," असं म्हणून तो गिरणीवाल्याशी भांडायला बाहेर पळाला. गिरणी थांबेपर्यंत आत लंकाबाई एकटीच होती, समोर काळा पडदा आणि ती लुकलुकणारी रेघ. मशीन अजून सुरू व्हायचंय असंच तिला वाटलं. जालिंदर परत आला तेव्हा ती माइकजवळ तोंड नेऊन हलक्या आवाजात काहीतरी पुटपुटत होती. त्याला बघताच दचकून गप्प झाली.

"तालीम करताय का?" जालिंदर हसला आणि त्यानं एस्केप दाबलं. "आता खरं बोलायचं. मी सांगतो तसं. म्हणा, मी लंकाबाई ढाकणे बोलत आहे. बिभीषण, तुम्ही जिथं असाल तिथून घरी या."

लंकाबाईनं मान खाली घातली.

"काय झालं?"

"दादा, नाव तेवढं तुमी घ्या. बाकी समदं मी बोलते."

"माझ्या आवाजावर त्याचा विश्वास कसा बसंल? आणि नुसतं 'अवं' म्हणून भागणार नाही ताई, बाजारातले निम्मे बाप्ये वळून बघतील. नाव पाहिजेच."

"न्हाई जमायचं, दादा. कधी घेतलं न्हाई. लग्नात उखान्यात घेतलं तेवढंच."

झालं! जालिंदरच्या अंगात बापच आला. चांगुणाबाईची गोष्ट त्यानं पहिल्यापासून सांगितली. नाव घेतल्यानं माणूस मरत नाही, ह्या असल्या समजुतींनीच बायकांचा गळा आवळून ठेवलाय, तुमचा नवरा तिकडं रानोमाळ फिरतोय आणि तुम्ही इथं लाजताय. बोलण्यात तो कुणाला ऐकायचा नाही, आणि गंमत अशी की त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. लंकाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तोंडात पदराचा बोळा धरून ती बसली, तोवर जालिंदरनं नव्या फाइलीचं नाव टाइप करून एंटर मारलं. मग तिनं बोळा काढला, डोळे मिटले आणि शाळेतल्या पोरीनं कविता म्हणावी तसं, ताठ बसून, एका सुरात म्हणून टाकलं. "मी लंकाबाई ढाकणे बोलत आहे. बिभीषण, तुम्ही जिथं असाल तिथून घरी या. गोरक्ष जिवंत आहे. पोलिसात तक्रार नाही."

"शाब्बास!" जालिंदरनं टाळीच वाजवली.

जाताना तिनं दारात थांबून विचारलं, "आता त्यांना काय हुनार न्हाई न्हवं?"

"माझी बायको रोज नाव घेते माझं. मेलो का मी?" जालिंदर म्हणाला. लंकाबाई हसली नाही.

संध्याकाळी यशोधरा शाळेतून आल्यावर त्यानं तिला हे मोठ्या हौसेनं सांगितलं. ती साडीची निरी सोडता सोडता थांबली. "तिला घ्यायचं होतं का नाव?"

"मी घ्यायला लावलं."

"लावलंस? मला कुणी लावलं नव्हतं, जालिंदर. मला वाटलं म्हणून मी घेतलं." आणि थोड्या वेळानं म्हणाली, "तो माणूस सापडेपर्यंत त्या बाईचं काही पुसू नकोस बाबा. असू दे सगळं."

जालिंदरला राग आला. पण तिचं ऐकायची सवय होती म्हणून त्यानं पुसलं नाही.

काकासाहेब बाजार फिरू लागला. पशुखाद्याची जाहिरात, मग लंकाबाई, मग पुन्हा पशुखाद्य. असं बरेच बाजार झाले. आणि एका दुपारी तो जीप उभी करून जालिंदरच्या खोलीत चपला न काढताच शिरला. जालिंदर ओरडणार होता, पण त्याचं तोंड बघून गप्प राहिला.

"मिरजगावात व्हता," काकासाहेब म्हणाला. "माझ्यापासनं हाकंच्या अंतरावर. च्याच्या टपरीवर."

"मग?"

"मला आधी कुठं म्हाईत! बाजार मोडल्यावर टपरीवाला सांगत आला. म्हनला, तुमची ती बाई बोलाया लागली तसा एक दाढी वाढल्याला मानूस उठून हुबा ऱ्हायला. च्याचा कप हातातच. शेवटापतुर ऐकलं त्यानं. आन् म्हनला, ही माजी बायकू न्हाई. माजी बायकू माजं नाव घेत न्हाई. पोलिसांनी कुनीतरी हुबी केलीय मला धराया. कप तसाच टाकला आन् पळाला."

जालिंदर मटकन स्टुलावर बसला.  एवढा खणखणीत आवाज, एक खरखर नाही, एक शब्द चुकलेला नाही. आणि त्या माणसानं सगळं ऐकून, नीट ऐकून, म्हणूनच पाठ फिरवली. लंकाबाईनं सांगितलं होतं की, कधी घेतलं नाही म्हणून. तोंडानं सांगितलं होतं. ऐकलं कुणी?

"तिला घेऊन ये," तो म्हणाला. "आजच्या आज. परत करू. तिला पाहिजे तसं बोलू दे."

काकासाहेब गेला, आणि दुसऱ्या दिवशी एकटाच परत आला. झुंबरबाई वारली होती. मिरजगावची बातमी जीपच्या आधी घरी पोचली होती. लेक जिवंत आहे, इतका जवळ आला होता आणि पळून गेला, एवढं म्हातारीनं ऐकलं. त्यानंतर तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही म्हणे. दारातच गेली. पाणी पाजायला लेक नव्हता, चुलतभावानं अग्नी दिला.

जालिंदर आपल्या एम-एटी गाडीवर त्या गावाला गेला. जायचं जिवावर आलं होतं, पण न जाऊन करतो काय! घरापुढं माणसं बसली होती, गोरक्ष बाजेवर प्लास्टरचा पाय पसरून रडत होता. "दाजीला कळलं बी न्हाई," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. लंकाबाई चुलीपाशी बसली होती. जालिंदरनं उंबऱ्याबाहेरूनच म्हटलं, "ताई, चूक माझी झाली. एकदा या. तुम्हाला वाटंल तसं बोला, मी शब्द सांगणार नाही."

तिनं वर बघितलं. राग नव्हता तिच्या तोंडावर, आणि तेच त्याला सोसेना. "मी न्हाई येनार, दादा. माज्या तोंडानंच त्यांला हाकाललं. नाव घेतलं, त्ये लांब गेले. आन् ही माय गेली. आता मी त्या यंत्राम्होरं तोंड उघाडनार न्हाई."

नावानं कुणी जात नाही, हे जालिंदरच्या ओठांवर आलं होतं. बापाची गोष्टही आली होती. पण ती गोष्ट त्या दारात सांगायची त्याला लाज वाटली. नावानं काही झालं नव्हतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. जे झालं ते त्याच्या हट्टानं झालं होतं. पण हा फरक त्या बाईला ह्या घडीला कसा समजावणार? तो हात जोडून परत फिरला.

त्यानंतर त्यानं खोली उघडली तरी कामात लक्ष लागेना. एक खताची जाहिरात होती, तिच्यात दुकानदार मधेच शिंकला आणि जालिंदर काही बोललासुद्धा नाही. शिंकेसकट कॅसेट काढून दिली. दुकानदारच घाबरला, बरं नाही का म्हणून.

असाच एक दिवस बसला असताना त्याला ते पुटपुटणं आठवलं. गिरणी सुरू झाली होती, तो बाहेर भांडत होता, आणि एंटर तर त्यानं आधीच मारलं होतं! त्यानं घाईघाईनं फाइलींची यादी मागवली. काळ्या पडद्यावर अक्षरं सरकत वर गेली. होती. यशोधरेनं सांगितलं म्हणून राहिली होती. त्यानं ती लावली. आधी गिरणीची घरघर, लांबून त्याच्या स्वतःच्या शिव्या, मग गिरणी थांबली आणि अगदी जवळ, कानाशी बोलल्यासारखी, लंकाबाई.

"अवं... ऐकलं का? मी हाय. कुठं हाव तुमी? गोरक्ष बरा हाय. काय झालं न्हाई त्याला, पाय तेवढा मोडलाय. बाजंवर बसून समद्यांला हुकूम सोडतोय. त्यो सोताच म्हनतोय, दाजीची काय बी चूक न्हाई, दगुड आला. मी तुमाला बोलनार न्हाई. आईशपत, एक शबूद बोलनार न्हाई. पाखऱ्या दुसऱ्याच्या हातचं पानी पीत न्हाई, दावनीला डोस्कं आपटतोय. आई दारात बसलीय. ऊठ म्हनलं तर उठत न्हाई. म्हनती, त्यो आला की आधी मीच दिसले पायजे त्याला. आता या. लई झालं. ऐकलं का?"

जालिंदर रडला. मोठ्यानं रडला, गोधड्या टांगलेल्या असल्यामुळं बाहेर कुणाला ऐकू गेलं नाही.

यशोधरेला त्यानं ते ऐकवलं, तेव्हा शेवटाकडं ती म्हणाली, "आई दारात बसलीय म्हणते. तेवढं काढता येईल का?"

"येईल. मधे कॅसेट थांबवली की झालं."

"मग?"

"मी एकदा कापलं, यशोधरा. आता एक अक्षर कापणार नाही."

"हे खोटं होईल पण."

"माहीत आहे," तो म्हणाला. आणि खरं सांगायचं तर त्याला भीतीही होती. आई वाट बघत नाही असं कळलं तर तो येईल कशाला?

ह्या खेपेला जालिंदर स्वतः जीपमध्ये बसला. मिरजगाव झालं, कर्जत झालं. ऊन तापायला लागलं होतं. कर्ण्यातून ते घरातलं बोलणं बाजारभर पसरायचं आणि लोक फिदीफिदी हसायचे. "ऐकलं गं, ऐकलं!" एखादा टारगट ओरडायचा. जालिंदर खाली उडी मारून त्याच्या अंगावर जायचा, काकासाहेब त्याला ओढून परत आणायचा. ज्यानं जन्मभर स्वच्छ आवाज विकला, तो गिरणीच्या घरघरीसकट ती कॅसेट पुन्हा पुन्हा लावत होता.

राशीनच्या बाजारात धान्याच्या आडतीसमोर जीप उभी होती. "अवं... ऐकलं का? मी हाय." आडतीच्या पायरीवर एक हमाल पाठीवर पोतं घेऊन चढत होता. पोतं खाली पडलं. तो वळला. दाढीत, भुवयांवर ज्वारीची धूळ. तो जालिंदरकडं आला नाही, काकासाहेबाकडंही बघितलं नाही. सरळ जीपपाशी आला, मान वर करून कर्ण्याकडं बघत उभा राहिला आणि घरात रोज बोलावं तसं बोलला, "व्हय. बोल की."

हसणारे गप्प झाले. गोरक्ष बरा आहे हे ऐकताना तो रस्त्यातच उकिडवा बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. पाखऱ्याचं ऐकून त्या हातांआडून हसला. आणि आई दारात बसलीय म्हटल्यावर ताडकन उठला. "चला. लौकर चला. लई हट्टी हाय म्हातारी, खरंच उठायची न्हाई."

जीपमध्ये चढायच्या आधी त्यानं केळी घेतली. "तिला दात न्हाईत," म्हणाला, आणि फणी मांडीवर सांभाळून बसला. जालिंदरनं बाजारात सांगितलं नाही. परत पळाला तर, ही धास्ती. कर्जत गेलं तरी सांगितलं नाही. बिभीषण बोलत होता, त्याच्या अंगात जीव आला होता. त्या पहिल्या बाईनं नाव घेतलं तेव्हा कशी पाचावर धारण बसली आणि आपण कसे पळालो, हे तो हसत हसत सांगत होता. मांडीवरची केळी खाली घसरली की उचलत होता. शेवटी जालिंदरला ते बघवेना.

"काकासाहेब, जीप थांबीव."

लिंबाच्या सावलीला जीप थांबली. लोकांना काय बोलायचं ते शिकवणारा हा माणूस. त्याला शब्द सापडेना. त्यानं एका दमात सांगून टाकलं. "बिभीषण, तुमची आई गेली. मिरजगावानंतर."

बिभीषणनं आधी त्याच्याकडं, मग टेपकडं बघितलं. "आत्ता तर म्हनली की. दारात बसलीय म्हनून."

"ते आधीचं बोलणं आहे. तेव्हा बसल्या होत्या."

"आधीचं म्हंजी?"

जालिंदरनं सांगितलं. आधी हे बोलणं झालं, मग ते नावाचं झालं. हे त्यानं टाकून दिलं आणि ते लावलं. बिभीषण ऐकत राहिला. केळ्यांची फणी त्यानं दोन्ही हातांत घट्ट धरली होती.

"मंग मिरजगावात हीच लावली आसती तर?"

काकासाहेबानं तोंड बाहेर वळवलं. जालिंदरला सबब सांगता आली असती. तुमच्या बायकोच्या भल्यासाठी केलं, असं म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं.

"भेट झाली असती," तो म्हणाला. "माझ्यामुळं हुकली."

 बिभीषणनं शिवी दिली असती, थोबाडीत मारली असती तर जालिंदरला बरं वाटलं असतं. त्यानं नुसती हनुवटीनं टेपकडं खूण केली. "परत लावा."

काकासाहेबानं कॅसेट मागं घेतली. गिरणी घरघरली, थांबली. लंका बोलायला लागली. गोरक्षचं झालं, पाखऱ्याचं झालं. "आई दारात बसलीय. ऊठ म्हनलं तर उठत न्हाई," ती म्हणाली.

"व्हय," बिभीषण टेपला म्हणाला. "तिला म्हनाव, निघालो."